न काळवंडणारा रुपया

१

खापरखेड्याच्या वसाहतीत चांदी टिकत नाही. चोरीला जाते असं नाही, काळी पडते. कोळशाचं गाव. वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी करडं होऊन घरात येतं, तिथं चांदीची काय कथा? बायकांच्या पायातली जोडवी तेवढी चमकत राहतात, कारण रोज अंगाला घासली जाणारी चांदी काळी पडत नाही. पेटीत ठेवलेली मात्र बघता बघता तव्यासारखी होते.

माझी सगळी चांदी पेटीतच होती. दागिने नव्हेत, नाणी. मी वीज केंद्रातल्या कंट्रोल रूममध्ये बसून काटे वाचणारा माणूस, पण नाद मात्र राजेरजवाड्यांचा. जानोजी भोसले गेले आणि नागपूरच्या गादीसाठी दोन भाऊ एकमेकांवर फौजा घेऊन उठले, त्या भाऊबंदकीच्या काळातले रुपये मी जमवत असे. ही नाणी यंत्रावर पाडलेली नसतात. खालच्या ठशावर चांदीची चकती ठेवायची, एकानं वरचा ठसा धरायचा, दुसऱ्यानं त्यावर घण घालायचा. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे दिल्लीच्या बादशहाचं नाव कुठल्याच रुपयावर पुरतं उमटत नाही. एकावर डोकं, दुसऱ्यावर शेपूट. त्यात लढाईची घाई. ठसा सरकलेला, छाप दोनदा बसलेला, अशी चुकलेली नाणी मला जीव की प्राण. शहाणी नाणी काय, कोणाकडेही असतात.

लग्न झालं नाही. का झालं नाही, हे विचारणारी माणसंसुद्धा आता उरली नाहीत. एकटा जीव सदाशिव म्हणून कामावरचे लोक माझा हेवा करत. त्यांनी उन्हाळ्यातली एखादी दुपार माझ्या घरी काढून बघायला हवी होती. सकाळची पाळी संपवून घरी यायचं, गार भाकरी खायची आणि कूलरची घरघर ऐकत छताकडे बघत पडायचं. संध्याकाळपर्यंत आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही.

पण ऐंशी साल उजाडलं ते सुख घेऊन. माझा धाकटा भाऊ मधुकर जबलपूरला नोकरीत होता. बायको वारली, मूलबाळ नव्हतं, त्याचं तिथं मन लागेना. नोकरी सोडून उन्हाळ्यात कायमचा माझ्याकडे येतो, असं त्यानं कळवलं. मागच्या खोलीला मी स्वतः चुना मारला, नवी खाट आणली, तिला नवी कोरी निवार विणून घेतली. म्हातारपणी घरात बोलायला माणूस असणार होता. मला आयुष्याकडून आणखी काही नको होतं.

२

त्याच हिवाळ्यात चांदीचा भाव आभाळाला भिडला. घराघरांतली जुनी चांदी इतवारीच्या सराफ्यात येऊन पडू लागली आणि दिवसभर भट्ट्या पेटू लागल्या. सुट्टी मिळाली की मी तिकडे धावायचो. वितळायला आलेल्या ढिगातून माझी नाणी वाचवायची, हे माझं व्रतच झालं होतं.

महादेवराव सराफ माझ्या ओळखीचे. त्यांच्या परातीत पैंजण, तोडे, वाटीचे तुकडे पडले होते. त्यातून मी तो रुपया उचलला. एका बाजूला फारसी अक्षरं स्पष्ट, त्याच काळातली. दुसरी बाजू मात्र घणानं सपाट केलेली आणि तिच्यावर वेड्यावाकड्या रेघा. छाप दोनदा बसला होता.

"ते ठेवा खाली, वामनराव," महादेवराव म्हणाले.

"काहून?"

"उमरेड रोडकडची एक बाई देऊन गेली, रुखमाबाई म्हणून. माया डोळ्यासमोर वितळवा म्हणे. भट्टी पेटलेली नव्हती अन् तिची बस सुटून राहिली होती. आजच वितळवतो म्हणून मी तिले शब्द देल्ला."

"शब्द चांदीचा दिला ना? मग वजनाला तेवढीच चांदी माझ्याकडून घ्या आणि ती वितळवा. शब्दही राहिला, नाणंही राहिलं."

महादेवराव हसले. "तुमाले कोणी पोरगी देल्ली नाही तेच बरं झालं. असं वकिली बोलून बोलून मारली असती तिले."

मीही हसलो आणि रुपया रुमालात बांधला.

३

रविवारी पेटी उघडून नाणी पुसायची, हा माझा नेम. जुनं नाणं घासू नये, असं जाणकार म्हणतात. जाणकारांनी खापरखेड्यात राहून दाखवावं.

होळीच्या सुमारास पेटी उघडली, तेव्हा सगळी नाणी काळी झाली होती. तो रुपया मात्र लखलखीत होता. आधी आनंद झाला. चोख चांदी असणार, म्हटलं. मग आठवलं की चोख चांदीही काळी पडतेच. मी तो कागदात गुंडाळून ठेवला. पुढच्या रविवारी कागद तसाच, रुपया आणखी उजळ. कडा तर इतक्या गुळगुळीत की वर्षानुवर्षं कोणीतरी अंगठ्यानं चोळत बसलं असावं. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या करगोट्याला. करगोट्याला किल्ली बांधून फिरणाऱ्या माणसाच्या घरात दुसरं कोण येणार?

एप्रिलच्या एका दुपारी कूलरमधलं पाणी संपलं. कोरडा कूलर खडखडू लागला म्हणून मी उठून तो बंद केला. मग जी शांतता पसरली, ती उन्हाळ्यातल्या दुपारीच ऐकू येते. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. त्या शांततेत मागच्या खोलीतली खाट करकरली. माणूस टेकल्यावर करकरते तशी. जरा वेळानं, माणूस आडवा झाल्यावर करकरते तशी.

मी दारापर्यंत गेलो. खोलीत कोणी नव्हतं. चुन्याचा वास, बंद खिडकी, भिंतीला लावलेली खाट. तिच्या निवारीला मधोमध झोळ पडला होता. त्या खाटेवर अजून कोणी एकदाही झोपलेलं नव्हतं. निवार उन्हाळ्यात सैल पडते, असं मी स्वतःला समजावलं. काटे वाचून पोट भरणाऱ्यानं असल्या गोष्टींना भिऊन कसं चालेल?

खरं सांगतो, भ्यायलो. पण भीती वाटायच्या आधी क्षणभर दुसरंच वाटलं होतं. घरात कोणीतरी आहे, याचं बरं वाटलं होतं.

त्याच दुपारी माझ्या उजव्या अंगठ्यावर करडा डाग दिसला. चांदी चोळल्यावर उमटतो तसा. मग मीच झोपेत उठून पेटी उघडत असेन. माणसं झोपेत चालतात, तशी चोळतही असतील. हे कारण मला पटलं. पटलं म्हणजे दुसरं सापडलं नाही.

४

मधू मे महिन्यात आला. ट्रंक खाली ठेवून त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दादा, तू तं पार वाळून गेला गा. खातं का नाही काही?"

"आता तू आला नं. खाऊ दोघं मिळून."

मी चूल पेटवायला वळलो. वांग्याची भाजी केली, भाकरी थापल्या. कितीतरी वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरात कोणी गप्पा मारत होतं, आणि मी करपलेल्या भाकरीलासुद्धा हसत होतो. ताटं वाढून हाक मारली तर मधू येऊन उभाच राहिला.

"हे तिसरं कोणाचं?"

मी पाहिलं. भाकरी मोडून घातलेली, भाजी वाढलेली, शेजारी पाण्याचा गडवा. मीच वाढलं होतं. वाढताना मात्र काहीच जाणवलं नव्हतं.

"सवय," मी म्हटलं.

"एकट्या माणसाले तीन ताटाची सवय?" मधू खो खो हसला. मी हसलो नाही.

खाटेवर तो एकच दुपार झोपला. दुसऱ्या दिवसापासून खाली फरशीवर सतरंजी टाकू लागला. खाटेत आधीच कोणाचं तरी अंग बसलेलं आहे, कूस वळायला जागा होत नाही, म्हणाला. मी निवार आवळून घेतली. सकाळपर्यंत पुन्हा झोळ.

मग एक दिवस तो मागच्या दाराच्या पायऱ्यांवरून तोंडावर पडला. भुवई फुटली. मी न्हाणीतून ओल्या अंगानं धावत आलो. जखमेवर हळद दाबत होतो, तर तो हळूच म्हणाला, "कोणी तरी मागून हात लावला. मले वाटलं, तू गंमत करून राहिला."

"मी अंघोळ करत होतो, मधू."

"हो नं, तेच तं." तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सतरंजी झटकताना त्यानं मुठीतलं काहीतरी माझ्यापुढे धरलं. "दादा, हे तुयं नाणं माया उशीखाली काहून ठेवलं?"

तो रुपया होता. मी पेटीकडे धावलो. कुलूप लागलेलं होतं, किल्ली करगोट्याला होती. मधूला मी काय सांगणार? विसरलो असेन, म्हटलं. त्याला ते पटलं नाही हे मला दिसत होतं. सख्ख्या भावानं आपल्याकडे असं चोरून बघावं, याचं मला फार लागलं.

५

महादेवरावांकडून गावाचं नाव घेतलं आणि सकाळच्या बसनं उमरेड रोडला लागलो. मधूला सांगून निघालो. रुपया शर्टाच्या खिशात होता. जे काही आहे ते माझ्या खिशात आहे, म्हणजे मधू घरी सुखरूप आहे, असा माझा हिशेब.

रुखमाबाई घरापुढच्या छपरीत पाळणा हलवत बसल्या होत्या. मी रुपया तळहातावर धरला. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"वितळवला नाही?"

"बाई, छाप चुकलेलं नाणं आहे हे. असलं दुसरं मिळायचं नाही, म्हणून मी..."

"चुकलेलं कायचं? उन्हात आडवं धरून पाहा जरा."

मी रुपया तिरपा केला. इतके महिने ज्या रेघा मी भिंगातून पाहत होतो, त्या एकमेकींत मिसळल्या. घोड्याचे पाय झाले. मान झाली. वर बसलेला माणूस झाला.

"टाक हाय तो," रुखमाबाई म्हणाल्या. "आमच्या घरच्या वीराचा."

घरातला पुरुष लढाईत पडला की चांदीवर त्याची आकृती ठोकून देवात ठेवतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. पण मी पाहिलेले टाक पातळ पत्र्याचे. इथं हाताशी होता तो रुपयाच सपाट करून त्यावर वीर ठोकला होता, आणि मी त्यात छापाची चूक शोधत बसलो होतो. ज्याला नाण्याचा नाद लागतो, त्याला सगळीकडे नाणंच दिसतं. दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातला माणूस मी उचलून घरी आणला होता.

"कोणाच्या बाजूनं लढला हा?"

"दोघं भाऊ होते. एक या फौजेत, एक त्या फौजेत."

"मग मारलं कोणी याला?"

पाळण्यातलं पोर कुरकुरलं. बाईंनी दोरी ओढली. "आमी ज्याच्या वंशातले हावो, त्यानं."

ओसरीवर ऊन चढत होतं. बाई खालच्या आवाजात बोलत राहिल्या. "एकट्यापाशी तो गुमान राह्यते, दोन भाऊ एका घरी त्याले खपत नाही. माये दोन पोट्टे होते, त्यातला एक गेला. मंग राहिला त्याले घेऊन मी इतके वर्षं काढले, याचा काही तरास नाही झाला. आता हा दुसरा नातू झाला नं. म्हणून काढला घरातून." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुमाले भाऊ हाय?"

"आहे."

"कोठी हाय?"

"माझ्या घरी."

रुखमाबाईंचा हात दोरीवर थबकला. "तं मंग अठी कायले बसून राहिले? जा नं!"

६

उमरेड रोडची बस लवकर येईना, मग खापरखेड्याची मिळेना. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. मधू बाहेरच्या पायरीवर बसला होता. शेजारी बांधलेली ट्रंक.

मला पाहून तो उठला आणि दोन पावलं मागं सरकला.

"मधू, काय झालं?"

"कोठी गेला होता तू?"

"सांगून तं गेलो. उमरेड रोडले."

"खोटं काहून बोलतं, दादा?" त्याचा आवाज फुटला. "दुपारी तू घरीच होता. मी सतरंजीवर पडलो होतो. डोळे उघडले तं तू डोक्यापाशी उभा. हातात घण. मी दादा म्हटलं, तं तू हसला."

"मी नव्हतो."

"तोंड तुयंच होतं!"

मी खिशातून बसचं तिकीट काढून पुढे केलं. त्यानं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो माझे हात बघत होता.

मी आत गेलो. सतरंजी तशीच पडली होती. उशीपासून वीतभर अंतरावर शहाबादी फरशी फुटली होती. मधे खळगा आणि चारी बाजूंना तडे. माझ्या घरात घण नाही. नारळ फोडायचा तर मी पायरीवर आपटतो.

मधू नागपुरात कोणाकडे तरी उतरून सकाळच्या गाडीनं जबलपूरला जाणार होता. मी त्याच्या मागोमाग स्टँडपर्यंत गेलो. रुखमाबाईंचं सगळं सांगितलं. माझं मलाच ते खोटं वाटत होतं, त्याला कसं खरं वाटणार? बस आली. ट्रंक जड होती म्हणून ती उचलायला मी हात पुढे केला, आणि त्यानं अंग चोरलं. डोकं खांद्यात घेऊन, डोळे घट्ट मिटून. मार चुकवताना लहान मूल चोरतं तसं.

माझ्या हातानं जेवायला शिकलेला माझा भाऊ माझ्याच हाताला भ्याला. मी हात मागं घेतला. ट्रंक त्यानंच उचलली.

७

दुसऱ्या दिवशी मी इतवारीत गेलो. महादेवरावांना म्हटलं, त्या बाईला दिलेला शब्द पाळू या, माझ्या डोळ्यासमोर. त्यांनी काही विचारलं नाही. भट्टी पेटलेलीच होती. मूस लाल झाली होती, तिच्या तोंडाशी हवा थरथरत होती.

"टाका," ते म्हणाले.

रुपया चिमटीत धरून मी उभा राहिलो. तो ऊनऊन होता, पण आगीनं नव्हे. खिशातून काढला तेव्हाही तसाच होता, माणसाच्या तळव्याइतका. टाकला की संपलं असतं. आणि मग? मधू परत येणार नव्हता. घण घेतलेल्या माणसाचं जे तोंड त्यानं पाहिलं, ते माझं होतं. चांदी वितळते, ते तोंड त्याच्या डोळ्यांपुढून वितळणार नव्हतं. मी त्या घरी जाणार, दार उघडणार, आणि आत खरोखर कोणीच नसणार. आजही नाही, उद्याही नाही, मी मरेपर्यंत नाही.

"हात भाजल हो," महादेवराव म्हणाले. "काय करून राहिले तुमी?"

"राहू द्या," मी म्हटलं.

"अजी, तुमीच तं आले नं वितळवाले!"

"राहू द्या म्हटलं ना."

मी रुपया मुठीत घेऊन निघालो.

घरी पोचेपर्यंत दुपार टळटळीत झाली होती. वसाहतीत चिटपाखरू नव्हतं. कुलूप काढलं, चपला काढल्या, मडक्यातलं पाणी प्यायलो. शर्ट खुंटीला अडकवत होतो, तेव्हा मागच्या खोलीतून कोणीतरी म्हणालं, "दादा."

आवाज मधूचा नव्हता. माझ्या ओळखीच्या कुठल्याच माणसाचा नव्हता. बोलायची सवय मोडलेल्या माणसाचा असावा तसा, जरा खरखरीत, जरा लाजत काढलेला.

अशा हाकेला लगेच ओ देऊ नये, असं आई आम्हा दोघांना बजावायची. तीनदा हाक आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, म्हणायची. मी भिंतीला टेकलो. मला दुसऱ्या हाकेची वाट पाहवेना.

"ओ," मी म्हटलं. "आलो."